पायरीवरचा माणूस

फोन आला तेव्हा सेन्या तान्ह्या इंकाच्या मानेच्या वळीत साचलेलं दूध ओल्या फडक्यानं टिपत होती. फोनवरची बाई रागावलेली नव्हती, आणि तेच आधी बोचलं. रागावलेल्या माणसाला काय म्हणायचं ते सेन्याला ठाऊक होतं. बाईनं जोडी असं नाव सांगितलं. गुरुवारी साउना भाड्यानं घेतला ती, सरोवराकाठच्या केबिनीत उतरलेली. "माझ्या दिराला काल संध्याकाळी मार्केट शहरातल्या हॉस्पिटलात नेलंय," ती म्हणाली. "आत चक्कर आली आणि भट्टीवर पडला. हात भाजलाय, खांदा भाजलाय. डोळे उघडतो, पण बोलत नाही अजून." मागे कुणीतरी बश्या गोळा करत असल्याचा आवाज येत होता. "मला एकच विचारायचं होतं. तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय की साउना चालू असेपर्यंत तुमचा प्रशिक्षित माणूस जागेवर हजर असेल. तो कुठे होता हो?" सेन्या म्हणाली, "मी बघून सांगते." फोन ठेवल्यावर तिला कळलं की हे किती विचित्र उत्तर होतं. बघून काय सांगणार होती ती? असा माणूस नव्हताच. कधीच नव्हता. होती ती फक्त ती स्वतः, तिच्या मांडीवरची सात-आठ महिन्यांची मुलगी, आणि वडिलांनी जुन्या बोटीच्या ट्रेलरवर देवदाराच्या फळ्या ठोकून बांधलेली, धुराड्याची टोपी घातलेली ती चाकांवरची वाफेची खोली.

इंका तोंड वासून छातीशी झोंबत होती. सेन्यानं तिला घेतलं, पण दूध उतरेना. एरवी नुसत्या रडण्याच्या आवाजानं सदरा भिजायचा. आज कुणीतरी आतून चावी फिरवून बंद केल्यासारखं झालं होतं. मूल ओढायचं, सोडायचं, चिडून आईकडे बघायचं, पुन्हा ओढायचं. त्या छोट्या कपाळावर आठी पडली होती, अगदी तिच्या बापासारखी, डेलसारखी. "थांब गं राणी, येतंय," सेन्या म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं संगणक पुढे ओढला. पान उघडलं. वरती साउनाचा फोटो, मागे सुपीरियर सरोवराचं निळं पाणी, खाली तिचं नाव, तिचा फोन, तिच्या घराचा पत्ता. अगदी तळाशी, वाचू नये म्हणूनच लिहिल्यासारख्या बारीक अक्षरात: नियम व अटी. तिथे बोट ठेवताना तिला लहानपणी तळघरात उतरायच्या आधी वाटायचं तसं वाटलं. दिवा लावायची दोरी पायऱ्यांच्या खाली होती. आधी अंधारात उतरायचं, मग हात वर करून दोरी चाचपायची, आणि तेवढ्या वेळात दुसरं कुणीतरी तुमचा हात चाचपत असायचं.

मार्चमध्ये केलं होतं तिनं हे सगळं. डेल नुकताच मोसमातल्या पहिल्या जहाजावर चढला होता, लोखंडाची माती वाहणाऱ्या त्या लांबलचक बोटीवर. बाळ अगदीच कोवळं होतं. वडील जाऊन दुसरा हिवाळा संपत होता आणि साउना कोठारात ताडपत्रीखाली उभा होता. भाड्यानं द्यायची कल्पना डेलचीच. वेबसाइट तिनं एका हातानं बनवली, दुसऱ्यात इंका. सगळं झालं आणि शेवटी पैसे घेणारी यंत्रणा अडून बसली: नियम व अटींचं पान असल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिनं डेलला फोन केला तर तो हसला. "अगं, कुणी वाचत नाही ते. लोक खाली जातात, खूण करतात, सुटतात. कुठूनतरी उचल." तिनं आधी साउनावाल्यांचीच पानं बघितली होती. दूरच्या शहरांत साउना भाड्यानं देणारे लोक होते आणि त्यांनी लिहिलं होतं: फार वेळ बसू नका, दारू पिऊन जाऊ नका, एकटे जाऊ नका, भट्टीला हात लावू नका. वाचता वाचता तिला हसू आलं होतं, आणि थोडी लाजही वाटली होती. असं कुणी लिहितं का? भट्टीला हात लावू नका म्हणे. इथल्या टेकड्यांवर, फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या या गावात, माणूस चालायला शिकायच्या आधी साउनात बसायला शिकतो. आईचं बाळंतपण तिथे झालेलं, आजोबांना शेवटची आंघोळ तिथेच घातलेली. ते नियम आपल्या नावाखाली लावणं म्हणजे लोकांना जेवायला बोलावून घास चावून गिळा असं सांगण्यासारखं. म्हणून तिनं मुद्दाम ज्यात साउनाचं अवाक्षर नाही असं पान शोधलं. ॲरिझोनातली एक कंपनी. वाढदिवसाला मुलांना उड्या मारायला हवेचे किल्ले भाड्यानं देणारी. लांबलचक, कोरडं, भारदस्त पान. तिनं ते आख्खं उचललं, किल्ला होता तिथे साउना घातला, कंपनीच्या नावाजागी आपलं, आणि इंका दूध पिता पिता झोपली म्हणून तिला हळूच पाळण्यात ठेवून स्वतःही झोपली. त्या झोपेचं सुख तिला अजून आठवत होतं. कामं संपल्याचं सुख.

आता ती पहिल्यांदा वाचत होती. आत शिरण्यापूर्वी साउना पूर्ण फुगला आहे याची खात्री करावी. मुलांनी साउनात उड्या मारताना चष्मे काढावेत. जोराचा वारा असल्यास साउना खुंट्यांना बांधावा. जूनमध्ये एक गिऱ्हाईक किल्ली घेताना डोळे मिचकावून म्हणालं होतं, "बाई, पंप कुठंय? फुगवायचा कसा?" आणि तिला काहीच कळलं नव्हतं, पण तीही हसली होती. म्हणजे त्यानं वाचलं होतं. किती जणांनी वाचलं असेल? किती जण तिच्याकडे बघून हसले असतील? पण हसणं आता फार लांब होतं, दुसऱ्या किनाऱ्यावर. उड्या मारताना, पडताना, एकमेकांवर आदळताना होणाऱ्या इजेस आम्ही जबाबदार नाही. उष्णतेबद्दल काही नाही. भट्टीबद्दल नाही. वाफेबद्दल, घेरीबद्दल, एकटेपणाबद्दल नाही. तिनं स्वतःभोवती घातलेलं कुंपण भलत्याच रानाभोवती होतं. वाद उद्भवल्यास ॲरिझोनातील न्यायालयातच दाद मागता येईल. ती आयुष्यात ॲरिझोनाला गेली नव्हती. तरी तिला डोळ्यांसमोर ते कोर्ट दिसलं, उन्हानं पांढरं पडलेलं, आणि बाहेरच्या बाकावर इंकाला घेऊन बसलेली आपण, गावच्या जाड लोकरी कोटात. आणि मग ते वाक्य. साउना वापरात असेपर्यंत आमचा प्रशिक्षित माणूस संपूर्ण वेळ जागेवर हजर राहून देखरेख करील. किती सुंदर वाक्य होतं ते. किती शांत. तिनं ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी तो माणूस जास्त स्पष्ट होत गेला: मध्यम वयाचा, हातात मोजे, चेहरा नसलेला. सात महिने तो तिच्या नावावर नोकरीला होता आणि तिला पत्ताच नव्हता.

वाक्य पुसायला किती सोपं असतं. तिनं ते निवडलं, ते निळं झालं, आणि नाहीसं झालं. वरच्या आणि खालच्या ओळी सरकून एकमेकींना भिडल्या, जणू मधे कधी कुणी नव्हतंच. आता फक्त ‘जतन करा’ हे बटण दाबायचं राहिलं होतं. तिचं बोट त्याच्यावर होतं. इंकानं ओढणं सोडून दिलं होतं आणि ती आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, लहान मुलं बघतात तशी, काही न समजता सगळं समजल्यासारखी. सेन्यानं बोट उचललं आणि व्हर्नकाकांना फोन लावला. वडिलांचे मित्र, गावात विम्याचं काम करणारे. साउनाचा विमा त्यांनीच उतरवून दिला होता, जवळजवळ भीक घातल्यासारखा, हसत हसत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पान मिटवलंस का?"

"पुसलंय. पण अजून जतन नाही केलं."

"मग हात काढ तिथून. आधी हात काढ, मग बोल." हात काढल्याचं ती सांगेपर्यंत ते थांबले. "पोरी, त्या बाईनं त्या पानाचा फोटो केव्हाच काढून ठेवला असेल. आत्ता तू ते पुसलंस, तर ते वचन आणि ते पुसल्याची वेळ, दोन्ही शेजारी शेजारी मांडतील. आज तू वेंधळी आहेस. पुसलंस की लबाड."

"पण काका, ते माझे शब्दच नाहीत ना! मी ते नुसते..."

"उचललेस. हो. तुझ्या नावाखाली लावलेस, आणि त्यावर लोकांकडून खूण करून घेतलीस. आता ते तुझेच. आणि ज्याचे उचललेस त्याच्या कानावर गेलं तर तोही यायचा दारात. शब्दांनाही मालक असतो, तिकडच्या वाळवंटातसुद्धा." त्यांनी नाक शिंकरलं. "विमा कंपनीला मी काय कळवू तेवढं सांग. मी लिहून दिलंय की बाई साउना नेऊन सोडते आणि परत येते. तू जगाला सांगत होतीस की माणूस बसवते. दोघांतलं एक खोटं. कंपनी म्हणेल, आम्हाला नकोच हे भांडण."

"घर जाईल का?"

त्यांनी पुन्हा नाक शिंकरलं, आणि तेवढ्यात तिला घराच्या एकेक खोलीचा दिवा विझताना दिसला. धंदा तिच्याच नावावर होता, घरही तिच्याच. "मी वकील नाही," ते म्हणाले. "सोमवारी हॅनकॉकला त्या वकीलबाईंकडे जाऊ, मी येतो बरोबर. तोवर साउना घेऊन ये, आहे तसा ठेव, आणि त्या लोकांशी एक शब्द बोलू नकोस. माफीसुद्धा मागायची नाही."

"माफीपण नाही?"

"माफी म्हणजे कबुली. डेलला कळवलंस?"

"तो पाण्यावर आहे. फोन लागत नाही."

"बरं. रडू नकोस. तुझा बाप असता ना, तर आधी मलाच विचारलं असतं त्यानं, व्हर्न, हा हवेचा किल्ला म्हणजे काय भानगड आहे."

आईची गाडी ओढायला दणकट होती, म्हणून आईला बोलवावं लागलं. तिची आई लेम्पी शेजारच्या वळणावरच राहायची. आली ती फडक्यात गुंडाळलेला वेलचीचा पाव घेऊनच, जसं काही सहलीला निघालोय. इंकाला मागच्या खुर्चीत बांधलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फात वाट चुकू नये म्हणून लावलेल्या काठ्या आताच उभ्या झाल्या होत्या, ऑक्टोबर संपायच्या आत. पानं गळालेल्या बर्चच्या रांगा पांढऱ्या बोटांसारख्या. सेन्यानं आईला सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. आईला वेबसाइट म्हणजे दुकानाबाहेरची पाटी एवढंच ठाऊक होतं, त्यामुळे सांगणं सोपं होतं आणि भयंकरही. "म्हणजे पाटीवर लिहिलंस की माणूस आहे," आई म्हणाली. "आणि माणूस नव्हता."

"हो, आइती," सेन्या म्हणाली; लहानपणापासून आईला ती फिनिशमधलीच हाक मारायची.

"मग बाहेर कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणतेय ना, माणूस नव्हताच."

"तुझा पाटीवरचा नाही गं. तो मरू दे. त्यांच्यापैकी. तो आत असताना बाहेर कोण बसलं होतं?" सेन्यानं मागे वळून इंकाचा पट्टा चाचपला. आईनं रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं, गाडी क्षणभर कडेच्या खडीत गेली. "कुणीच नाही?" आई म्हणाली.

साउना पाण्याकडे तोंड करून उभा होता, दार अर्धवट उघडं. इतकं ओळखीचं काहीतरी इतकं परकं दिसू शकतं हे सेन्याला माहीत नव्हतं. आत अजून अंगावर झोडून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, जो तिनं नाक आवळून ओळखायचं नाकारलं. पाणी ओतून वाफ काढायला भट्टीवर रचलेल्या दगडांपैकी दोन खाली पडले होते. खालच्या बाकावर एक टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला, म्हणजे तो माणूस व्यवस्थित असणार, घरात बूट रांगेत लावणारा. तिनं दगड उचलले. थंड होते. आपल्या लहानपणी प्रत्येक दगड आपल्याला माहीत होता, हा बदकासारखा, हा भाकरीसारखा, आणि आता यांतल्या कुठल्या दगडाला माणसाचा हात लागला ते ओळखू येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ती ते दगड छातीशी धरून तशीच उभी राहिली, कारण खाली ठेवायला योग्य जागा सापडेना.

जोडी केबिनीच्या पायऱ्या उतरून आली. फोनवर होती त्याहून लहान, डोळे सुजलेले, नवऱ्याचा सदरा अंगावर. तिनं दगडांकडे बघितलं, गाडीतल्या मुलीकडे बघितलं. "मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला फक्त कळत नाहीये. आम्ही जेवायला बसलो होतो. दीर म्हणाला, मला वाफेची अजून एक फेरी घ्यायचीय, तुम्ही बसा. माझा नवरा म्हणाला, मी येतो सोबत. मीच म्हटलं, अरे बस, त्यांचा माणूस आहे ना तिथे." तिचा आवाज जागच्या जागी फिरू लागला. "आणि मला दिसला होता तुमचा माणूस. खिडकीतून. पायरीवर बसलेला, असा, पाठ वाकवून. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल, कॉफी नेऊन देऊ या का. आम्ही गोड खाल्लं. पत्ते काढले. मग मी कॉफी घेऊन गेले, आणि दीर आत पडलेला दिसल्यावर दुसरं काही बघितलंच नाही."

सेन्यानं वळून पायरीकडे बघितलं. पायरीवर सरपणानं शिगोशीग भरलेलं पिंप होतं, वर ताडपत्री, पाऊस लागू नये म्हणून तिनंच गुरुवारी दोरीनं करकचून बांधलेली. दोरीमुळे मधे कंबर आली होती. वर गोल डोकं. संध्याकाळच्या उजेडात, दिव्याच्या खोलीतून, काचेतून. तो तिथे होता. तिनं लिहिलं होतं आणि तो येऊन बसला होता, मोजे घातलेला, चेहरा नसलेला, आणि त्याच्या भरवशावर माणसं जेवत राहिली. आत्तापर्यंत तिला कोर्टाची भीती होती, घराची होती, वाळवंटातल्या त्या मालकाची होती. ती सगळी भीती आता लहान मुलांच्या खेळातल्यासारखी वाटली. वाक्य नसतं तर नवरा उठला असता. वाक्य नसतं तर कुणीतरी बरोबर गेलं असतं. काहीच लिहिलं नसतं, एक अक्षर नाही, तर माणसांनी माणसांकडे बघितलं असतं. व्हर्नकाकांचा आवाज कानात होता, एक शब्द बोलू नकोस, आणि आई गाडीच्या हुकापाशी वाकून मुद्दाम मोठ्यानं साखळी वाजवत होती.

"तिथे कुणी नव्हतं," सेन्या म्हणाली. "ते सरपणाचं पिंप आहे. आमचा माणूस कधीच नसतो."

जोडीनं पिंपाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "मग लिहिलंत कशाला?"

उत्तर इतकं क्षुल्लक होतं की सांगता येत नव्हतं: मूल झोपलं होतं आणि मला झोप आली होती. जोडी मान हलवून, कसल्याशा हिशेबाला होकार दिल्यासारखी, पायऱ्या चढून आत गेली आणि दार तिनं आपटलंसुद्धा नाही. घरी परतताना इंका किंचाळून रडली आणि त्याच वेळी सेन्याचं दूध सुटलं, दोन्ही बाजूंनी, कोटापर्यंत. ती भिजत, हात मागे टाकून मुलीचा पाय धरून बसली. आरशात साउना त्यांच्या मागून येत होता, प्रत्येक वळणावर वळत, बरोबर तेवढंच अंतर राखून.

"बाबा बसायचे ना गं बाहेर," ती मग म्हणाली. तिला दिसत होतं ते: ती आणि तिचे चुलतभाऊ आत, उघडे, लालबुंद, एकमेकांवर पाणी उडवत; आणि बाहेर पायरीवर दाराला पाठ लावून वडील, कसलीतरी काठी तासत. थोड्या थोड्या वेळानं दारावर बोटाच्या पेरानं ठक ठक. "वाफ आहे का रे अजून?" आणि आतून सगळ्यांनी ओरडायचं, "आहेऽऽ!" उत्तर यायला जरा उशीर झाला की दार उघडायचं आणि थंड हवेचा लोट आणि त्यांचं डोकं एकदमच आत यायचं, आणि पोरं चिडायची, दार लावा, दार लावा! "मला वाटायचं, त्यांना घाई झालीय. त्यांची पाळी कधी येते म्हणून विचारतायत."

आईनं हुंकार भरला. "त्याला कसली घाई? तो तर सगळ्यांच्या शेवटी जायचा, भट्टी विझताना. आणि मग मी बसायचे बाहेर." "हे काय शिकवायचं असतं का? मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला वाटलं, तुला माहीत आहे. ते वाक्य सेन्याच्या आत जाऊन बसलं. म्हणजे नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, कुणी सांगितलेला नव्हता, पण दर शनिवारी पाठ दाराला लावून बसलेला होता, आणि ती त्याच्याच पलीकडे, फळीच्या आतल्या बाजूला, वाफेत वाढली होती. आणि मग सगळा उन्हाळा तिनं तो साउना नेऊन लोकांच्या अंगणात सोडला होता, किल्ली देऊन, हसून, आणि परत फिरली होती. परक्या वाळवंटातून उचललेल्या त्या सगळ्या मूर्ख पानात एकच वाक्य खरं होतं, तिच्या बापाच्या तोंडचं असावं इतकं खरं, आणि तेच तिनं पाळलं नव्हतं. आज दुपारी पुसायला घेतलं तेही तेच.

अंगणात आल्यावर आईनं साउना कोठारात नेऊ दिला नाही. लाकडं आणली. "आज शनिवार आहे," ती म्हणाली.

"आइती, आज? व्हर्नकाका म्हणालेत आहे तसा ठेवायचा."

"व्हर्नला सांग, लेम्पीला आंघोळ करायची होती. मला नेऊ दे कोर्टात." तिनं दगड एकेक करून परत रचले, भाकरी, बदक, आणि काडी ओढली. धूर आधी जमिनीवरून सरपटला, मग उभा राहिला. मग कपडे सोडून, म्हाताऱ्या, सैल, निर्भय अंगानं ती आत गेली आणि दार लागलं. आतून कडी नव्हतीच कधी. तीही वडिलांची सोय असणार, हे आता कळत होतं.

सेन्या पायरीवर बसली, पाठ दाराला लावून, इंका कोटाच्या आत, दूध पिऊन जड झालेली. फळ्यांतून पाठीला ऊब येत होती आणि तोंडावर सरोवरावरची थंडी. खिशात फोन थरथरला. मार्केटच्या हॉस्पिटलातून असेल, तो भाजलेला माणूस बोलला असेल, किंवा आता कधीच बोलणार नसेल, किंवा जोडी, किंवा जोडीचा वकील. तिनं खिशात हात घातला नाही, कारण फोनकडे बघायचं तर कान इकडून काढावे लागले असते. आतून पाणी दगडांवर पडल्याचा आवाज आला, तो लांबलचक सुस्कारा, आणि मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे किती वेळ? वडिलांना हे कसं कळायचं, कधी ठोठावायचं? इतक्या शनिवारांची ही भीती त्यांनी कुठे ठेवली होती? त्यांच्या चेहऱ्यावर तर कधी दिसली नाही. काठ्या मात्र किती तासल्या होत्या त्यांनी, टोकापर्यंत, काही न बनवता. तिनं हात मागे नेला आणि पेरानं ठोठावलं.

"आइती? वाफ आहे का अजून?"

उत्तर आलं नाही. इंकानं कोटातून डोकं काढलं आणि तीही ऐकू लागली. झाडावरून एक ओलं पान सुटलं आणि अंगणात पडेपर्यंत सेन्यानं ते बघितलं. तिचा हात दारावर होता, उठायच्या बेतात गुडघे ताठ झाले होते.

"आहे गं," आतून आई म्हणाली. "मरू दे की जरा शांतपणे."

सेन्या परत बसली. श्वास सोडला. आणि तो पुरता सोडून व्हायच्या आतच आतली शांतता पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.